एक अपवाद वगळता

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल, गुडघे कुरकुरत असतील पण तू त्यांना दाद देत नसशील, भाऊजींचा खोकला गेला नसेल आणि ते डॉक्टरकडेही गेले नसतील, गॅलरीतल्या कुंड्यांवरून शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण अजून तग धरून असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर आमच्या घरात सध्या खुशाल असा एकटा फ्रिज आहे, कारण त्याला कुणी मोठ्याने वाचायला सांगत नाही. (त्याच्याही अंगावर चिठ्ठी चिकटवलेली आहे. ते पुढे येईलच.) फोन करायचा सोडून हे पत्र काय खरडत बसला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू आधी तुझं सगळं सांगून टाकतेस, मग मी तोंड उघडतोय तोवर ‘बरं, चल, ठेवते’ म्हणतेस आणि ठेवतेसही. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, चहा घेऊन बस आणि वाच. तुला वाचता येतं याचं तुला कधी काही वाटलं नसेल. आमच्याकडे सध्या त्याच्याइतकं मोठं दुसरं काही नाही.

तर गोष्ट आमच्या बारकीची आहे. बारकीच्या शाळेत दर शुक्रवारी एक वार्तापत्र निघतं. दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद मुलांच्या दप्तरात कोंबून पाठवतात आणि तो घरी पोचेपर्यंत त्याला डब्यातलं काहीतरी लागलेलं असतं. त्यात शाळेच्या बातम्या असतात. पाण्याची बाटली सापडली आहे, झाकण सापडलेलं नाही. फाटकाला रंग दिला आहे, कृपया हात लावू नये. (शेजारीच, ज्यांनी हात लावला त्यांच्या पालकांनी रॉकेल घेऊन शाळेत यावे.) उवा आल्या आहेत. उवा गेल्या आहेत. उवा परत आल्या आहेत. आणि मागच्या पानावर मुख्याध्यापिकाबाईंचं सदर असतं, ‘घरी वाचन करून घेताना’. मुलाने ओघवतं कसं वाचावं हे त्यात सांगितलेलं असतं, आणि ते सांगणारी वाक्यं इतकी लांबलचक असतात की मी, म्हणजे ज्याचं पोट मोठ्याने वाचण्यावर चालतं तो मी, अर्ध्या वाक्यात धापा टाकायला लागतो. इतके दिवस मी या कागदावर कांदे निवडायचो. पण दिवाणखान्यात बसून सहज म्हणून वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर छापलेलं दिसलं : ‘दुसरी ब मधील सर्व मुले, एक अपवाद वगळता, आता ओघवते वाचू लागली आहेत.’

ताई, नाव छापलं असतं तरी चाललं असतं. नाव छापलं की माणूस निदान भांडायला जाऊ शकतो. ‘एक अपवाद’ म्हटल्यावर कुणाशी भांडणार? आणि कुणाला कळलं नाही असंही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी (रंग ओलाच होता) पहिल्या बाकावरच्या मुलाची आई माझ्याजवळ आली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि होतं हो हळूहळू, असं म्हणाली. आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात ना, त्या आवाजात. बारकी शेजारीच उभी होती. तिने माझं बोट सोडलं आणि दप्तराच्या पट्ट्याशी खेळायला लागली.

आता तू म्हणशील, बारकीला बोलता तर येतं! येतं ना. बोलायला लागली की घरात दुसऱ्या कुणाला वाव राहत नाही, ते तिने कुणाचं घेतलंय हे मी लिहीत नाही. पण पुस्तक समोर आलं की सगळं अडतं. एकेक अक्षर उचलते, पारखून बघते, खाली ठेवते आणि पुढच्याकडे जाते. शब्दाच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते विसरलेली असते, मग परत मागे येते. डोळ्यांचा दोष असेल म्हणून तुझ्या भावजयीने तिला, ती कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे भिंतीवर तो तक्ता असतो, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली. बारकीने अगदी तळाची ओळसुद्धा धडाधड सांगितली. एकटंदुकटं अक्षर असेल तर तिला कसलीच भीती नाही. ती अक्षरं एकमेकांना चिकटून उभी राहिली की मात्र तिच्या तोंडचं पाणी पळतं. दुकानाचे मालक म्हणाले, डोळे हिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. म्हणजे तीही आशा गेली.

आणि बाप कोण, तर बसस्थानकावरचा उद्घोषक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या काचेच्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते मी अख्ख्या गावाला वाचून दाखवतो. लोक माझ्या शब्दावर बायकामुलं आणि बोचकी घेऊन पळतात. त्या माणसाच्या मुलीला ‘छत्री’ हा शब्द पार करायला त्याची विडी ओढून होईल एवढा वेळ लागतो. (विडी सोडली. भाऊजींना सांग.) मला लाज वाटली, हे तुला सांगायला हरकत नाही. मग मी ठरवलं की मुख्याध्यापिकाबाई म्हणतात तसं, अगदी शब्दन् शब्द पाळायचं. इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

पहिली सूचना अशी की घरातल्या मोठ्या माणसाने आधी स्वतः वाचून दाखवावं, म्हणजे मुलाच्या कानावर चांगलं वाचन पडतं. हे तर आपलं रोजचंच काम, असं म्हणून मी पुस्तक घेतलं. अस्वलाची छत्री हरवते आणि ते नदीकडे शोधायला जातं, असा धडा आहे. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो. दोन ओळी झाल्या नाहीत तोच स्वयंपाकघरातून तुझी भावजय हातात झारा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘अस्वल कुठल्या फलाटावरून सुटतंय?’ ताई, मला पत्ताच नव्हता. मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचत होतो. शेवटचं अक्षर लांबवत होतो. अस्वल नदीकडे निघालं आहेऽऽ, अस्वल नदीकडे निघालं आहेऽऽ. मध्ये एकदा ‘मार्गे जंगल’ असंही म्हणालो म्हणे, जे पुस्तकात नाही. इतकी वर्षं एकाच पद्धतीने तोंड चालवलं की ते घरी येऊन वेगळं कसं चालणार? बारकीला मात्र हा प्रकार बेहद्द आवडला. चांगलं वाचन म्हणतात ते हेच, अशी तिची समजूत झाली.

पुढच्या आठवड्यात वर्गात तिला उभं केलं. तिने आधी तोंडाने टिंगटाँग केलं. मग प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, असं म्हणून अस्वलाच्या धड्यातलं पहिलं वाक्य अडखळत अडखळत एकदा वाचलं आणि त्याच कष्टाने दुसऱ्यांदा वाचलं. दुसरी ब मधली निम्मी पोरं रोज बसनेच शाळेत येतात. त्यांनी दप्तरं उचलली आणि दाराशी रांग लावली. वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की घरी कृपया नैसर्गिक आवाजात वाचावे. मी नैसर्गिक आवाजात वाचून पाहिलं. बारकीने पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, बाबा, तुम्हाला बरं नाही का? खरं म्हणजे माझा तो दुसरा आवाज कुठे गेला ते मलाही माहीत नाही.

दुसरी सूचना : तेच पान पुन्हा पुन्हा वाचून घ्यावे, म्हणजे जीभ वळते. आम्ही अस्वल पुन्हा पुन्हा वाचलं. अस्वल सकाळी दात घासताना, अस्वल जेवताना, अस्वल वेणी घालताना. आणि एके दिवशी बारकी घडाघडा वाचायला लागली! तुझ्या भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शेजारच्या शिंपीकाकांना बोलावून आणलं, ते हातात कात्री घेऊनच आले, त्यांनीही मान डोलावली. मग शिंपीकाकांनीच विचारलं की ही पंख्याकडे बघून का वाचतेय? बघतो तर काय, पान भलतंच उघडलेलं. तिथे मुंग्यांबद्दल काहीतरी होतं आणि बारकी अस्वल म्हणत होती. सगळं पाठ! वाचत एक अक्षर नव्हती. शिंपीकाका चहा न घेता गेले.

तिसरी सूचना : घरातल्या वस्तूंवर त्यांची नावे लिहून चिकटवावीत. हे मला पटलं. मी एक पूर्ण सुट्टीचा दिवस घालवून चिठ्ठ्या लिहिल्या आणि कपाट, खुर्ची, आरसा, बादली, फ्रिज, सगळ्यांना चिकटवल्या. घर एखाद्या लिलावाच्या मालासारखं दिसायला लागलं. पण डिंक पातळ निघाला. चिठ्ठ्या गळायला लागल्या आणि बारकी त्या उचलून जिथे जागा दिसेल तिथे परत लावायला लागली, बरोबर की चूक याची फिकीर न करता. तेवढ्यात आमचे आगारप्रमुख सहीसाठी घरी आले आणि खुर्चीत बसले. माणूस शिस्तीचा, हसणं माहीत नाही. चहा घेऊन ते तसेच आगारात परत गेले आणि दुपारभर सगळ्या फलाटांवरून पाठीवर ‘कचरा’ची चिठ्ठी घेऊन फिरले. कंडक्टर लोकांनी कुणी सांगितलं नाही. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं, निदान मी तसं त्यांना म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलताना आधी पाठीवर हात फिरवून बघतात.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण चौथी सूचना आली. मुलाला खराखुरा श्रोता द्यावा. ज्याला त्या वाचनाची खरोखर गरज आहे असा श्रोता समोर असला की मुलाला वाचनाचा अर्थ कळतो. आणि त्याखाली जाड अक्षरात होतं, की मूल अडखळले तर शब्द सुचवू नये, टोकू नये, थांबावे. मूल आपणहून पोचते. मी हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. खराखुरा श्रोता! तो तर माझ्या काचेसमोर रोज शेकड्यांनी उभा असतो. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी बारकीला वेणीफणी करून बसस्थानकावर घेऊन गेलो.

आता तुला आमच्या स्थानकाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे गाडीची घोषणा दोनदा झाल्याशिवाय गाडी हलत नाही. फार पूर्वी कधीतरी एकदाच घोषणा करून गाडी सोडली आणि अर्धं वऱ्हाड... नाही, कसले लोक होते कोण जाणे, पण निम्मे लोक चहाच्या टपरीवर राहिले आणि त्यांचं सामान पुढे गेलं. तेव्हाच्या आगारप्रमुखांनी हुकूम काढला तो अजून चालू आहे. ड्रायव्हर इंजिन चालू करून, हात चाकावर ठेवून बसतात आणि दुसरी घोषणा संपली की ब्रेकवरचा पाय काढतात. एरवी यात काही अवघड नाही. मी दोन घोषणा करतो तोवर कंडक्टरचं दारसुद्धा लावून होत नाही.

मी बारकीला उंच स्टुलावर बसवलं, माईक खाली ओढला आणि कागद तिच्या हातात दिला. सोपी गाडी निवडायला हवी होती. पण वेळेला आली ती फलाट सहावरची, जिच्या गावाच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत आणि मध्ये लागणाऱ्या गावाच्या नावात एक. (ती नावं मी लिहीत नाही. त्या गावांनी मला पुरेसा त्रास दिलाय.) बारकीने बटण दाबलं. खरंखुरं टिंगटाँग झालं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, झालं, जमलं! मग ती वाचायला लागली. फ. ला. ट. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेर गोंगाट चालू होता तो हळूहळू कमी झाला. लोकांना आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग सगळे काचेकडे बघायला लागले आणि त्यांना दोन वेण्या दिसल्या. ‘क्रमांक’ला बराच वेळ गेला. ‘सहा’ आलं तेव्हा फलाट सहावरच्या लोकांनी हुश्श केलं, कारण गाडी तर त्यांच्यासमोरच उभी होती, ती कुठे जाणार हेही पाटीवर होतं, फक्त हलत नव्हती.

मग आलं गावाचं नाव. बारकी पहिल्या जोडाक्षराशी थांबली. काचेपलीकडे पोतं घेतलेले एक आजोबा तोंड वाकडंतिकडं करून तिला ते नाव सुचवायला लागले. मी त्यांना बोटाने दटावलं. जाड अक्षरात छापलेलं होतं, सुचवू नये! मागून एक बाई ओरडली, एका शाळकरी टोळक्याने तर एका सुरात नाव म्हणून दाखवलं, आणि मी वेड्यासारखा काचेच्या आतून दोन्ही हात हलवत सगळ्यांना गप्प करत होतो. मूल आपणहून पोचते! फलाट सहाची गाडी हलली नाही म्हणून मागची आत येऊ शकली नाही, तिच्यामागे आणखी गाड्या लागल्या, रांग रस्त्यावर गेली, रस्त्यावरच्या रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या. आगारप्रमुख आपल्या खोलीतून बाहेर आले आणि पाठीवर हात फिरवत काय झालं ते विचारायला लागले. आणि या सगळ्यात, ताई, बारकी पोचली. कुणीही न सुचवता, पहिलं जोडाक्षर, दुसरं, मग ते मधलं गाव, सगळं पार करून ‘लागलेली आहे’ पर्यंत पोचली. अख्ख्या स्थानकाने टाळ्या वाजवल्या. पोतंवाल्या आजोबांनी पोतं खाली टाकून वाजवल्या.

तेव्हा फलाट सहाच्या मिशीवाल्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शांतपणे म्हणाला, ‘हे एकदा झालं. आता दुसऱ्यांदा.’

आधी कुणीतरी एक हसला. मग सगळेच हसले. कुणी वाईट हेतूने हसलं नाही, त्यांचीही हौस फिटली होती, ऊन होतं, वेळ झाला होता. पण मलाही हसू आलं, ताई. माईक चालूच होता. माझं ते हसणं बाराही भोंग्यांतून, सगळ्या फलाटांवर, मुतारीपासून पार्सल खोलीपर्यंत गेलं. बारकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कागद टेबलावर ठेवला, स्टुलावरून उतरली आणि दाराशी जाऊन, तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. दुसरी घोषणा मी केली. ती कशी केली मला आठवत नाही.

मला खुलासा विचारण्यात आला. मी वार्तापत्राचा कागद जोडून दिला. आगारप्रमुखांनी तो उलटून, पुढच्या पानावरचं उवांचं वाचलं आणि मला माईकवरून काढून हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसवलं. आता मी दिवसभर छत्र्या परत करतो. माझ्या जागी एका सर्दी झालेल्या कंडक्टरला बसवलंय, तो काय बोलतो ते ड्रायव्हरांनाही कळत नाही, लोक भलत्या गाड्यांत बसतात आणि त्यांच्या छत्र्या माझ्याकडे येतात. पण त्याचं मला काही नाही. काम आज ना उद्या परत मिळेल, आगारप्रमुखांचा राग पाठीपुरताच आहे.

पोरीचं काय करू? ती आता वाचतच नाही. आधी अडखळायची तरी. आता पुस्तक उघडलं की ओठ मिटून घेते. खाते, भांडते, शिंपीकाकांकडून चिंध्या आणून बाहुल्यांना लपेटते, सगळं जिथल्या तिथे. फक्त वर्गात उभं केलं की पुस्तकाकडे बघत उभी राहते आणि बाई बस म्हणेपर्यंत तशीच उभी असते. मी समजूत काढायला गेलो तर माझ्या तोंडावर आपला तळहात दाबून धरते. आणि गेल्या शुक्रवारचं वार्तापत्र आलं. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ‘वाचनसकाळ’ आहे. प्रत्येक मुलाने घरच्या एका मोठ्या माणसाला सोबत आणायचं, वर्गासमोर त्याच्याशेजारी बसायचं आणि एक पान मोठ्याने वाचायचं. जे वाचणार नाहीत त्यांना पुढे वाचनाच्या तासाला पहिलीच्या वर्गात बसवणार. अडखळलं तरी चालेल, असं बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं. पान पूर्ण झालं पाहिजे, एवढंच. बारकीला हे कळलंय. पहिलीतल्या पोरांचे बाक किती ठेंगणे असतात ते ती मला विचारत होती.

मी हात टेकले, ताई. तुझी भावजय म्हणते, तू काही करू नकोस, एवढं एकच कर. मीही आता असंच ठरवलंय की त्या शनिवारी पोरीला ताप आलाय असं कळवून टाकायचं आणि पुढचं पुढे. मुख्याध्यापिकाबाईंचं सदर मी पुन्हा वाचणार नाही. ज्यांची मुलं मुळातच वाचतात त्यांच्यासाठी ते लिहिलेलं असतं, असं माझं मत झालंय. असो. तुझं डोकं खाल्लं. भाऊजींना नमस्कार, कुंड्यांना पाणी, शेजारणीला माझ्याकडूनही दोन शब्द. जास्त काय लिहू?

तुझा,
धाकटा

ता. क. : लिहू काय म्हणून वर विचारलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. तापाचं मी ठरवलं, पण काल तुझ्या भावजयीने बारकीला विचारलं की वाचनसकाळला तू नक्की कुणाबरोबर जाशील. आई? नाही. बाबा? (इथे पुन्हा तळहात.) मग म्हणाली, आत्या आली तर जाईन. का गं, आत्याच का? तर म्हणते, ‘आत्याला ऐकू येत नाही ना. मी चुकले तरी ती तशीच हसते.’ तुझ्या कानांचा विषय घरात काढायचा नाही, असं आपलं ठरलेलं आहे आणि लोक हल्ली पुटपुटतात हे मलाही मान्य आहे, पण पोरीचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले. बाईंना विचारलं, आत्या चालेल म्हणाल्या. तेव्हा गुडघ्यांची समजूत घाल आणि ये. आठवडाभर आधीच ये, म्हणजे ती तुला रोज वाचून दाखवेल. तुला काही करायचं नाही. बस, मान हलव, भलत्या ठिकाणी ‘अगं बाई!’ म्हण, नेहमीसारखं.

ता. क. दुसरा : तुझ्या भावजयीला न सांगता लिहितोय. ते कानाचं यंत्र आम्ही आणलं होतं, ज्याच्यावरून तू आमच्याशी बोलणं टाकलं होतंस, ते तुझ्या कपाटात डब्यासकट पडून असेल. ते घेऊन ये. केसांखाली लावलं की दिसत नाही. बारकीला कळू द्यायचं नाही. तिच्याजवळ बसून ऐक आणि संध्याकाळी ती बाहेर खेळायला गेली की मला सांग : कुठे अडली, कुठे आपणहून पुढे गेली, काय वाचताना हसली. मी टोकणार नाही. सूचनाही करणार नाही. परवा पडद्याच्या फटीतून बघितलं तर ती पलंगाच्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती, पुस्तक मांडीवर होतं आणि ओठ हलत होते. वाचत होती, ताई! आवाज मात्र अजिबात नव्हता. मी बराच वेळ उभा राहिलो. मला तिचं वाचणं ऐकायचंय, दुसरं काही नाही.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय म्हणून पाकीट वेगळं आहे. बारकी आली आणि कुणाला पत्र म्हणून विचारायला लागली. आत्याला, ये म्हणून लिहिलंय, असं म्हटलं. तिने विचारलं, आत्याला अगदी काहीच ऐकू येत नाही ना? मी म्हणालो, काही नाही. मग तिने जाऊन अस्वलाचं पुस्तक आणलं, त्याला शिंपीकाकांच्या एका चिंधीची गाठ मारली आणि तू झोपतेस त्या पलंगावर, उशीच्या शेजारी नेऊन ठेवलं. कुणी त्याला हात लावायचा नाही, असं आम्हा दोघांना बजावलंय. तर यंत्र आणू नकोस. मोह होईल, तेव्हा डब्यासकट घरीच ठेव. ज्याच्यापुढे मनसोक्त चुकता येईल असं एक माणूस तिला हवंय आणि ते या घरात नाही, माझे कान तर फारच तिखट आहेत. ती काय वाचते ते तुला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. तरी ये.